घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन थंड कसं ठेवायचं: बॅफल, रबरपट्ट्या आणि ऑइल कूलरची तपासणी

मागच्या उन्हाळ्यात माझ्या विमानाचा 3 नंबरचा सिलिंडर चढाईत 430 डिग्री फॅरनहाइट दाखवायला लागला. त्याच्या आदल्या वर्षी तोच सिलिंडर तसल्याच उन्हात, तेवढ्याच वजनाला 395 च्या आसपास असायचा. मी टेक्सासमधे राहतो, इथे जुलै-ऑगस्टमधे दुपारी पारा शंभरी पार करतोच, त्यामुळे महिना दीड महिना मी सगळं उन्हावर ढकलत राहिलो. शेवटी एका रविवारी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं कव्हर, काढलं आणि कारण काय निघालं, तर उजव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यातली रबरपट्टी, जी पुढे वळलेली असायला हवी, ती काउलिंग बसवताना उलटी दुमडून मागे गेली होती आणि तिथे माझी करंगळी सहज आत जाईल एवढी फट पडली होती. पट्टी सरळ केली, काउलिंग परत नीट बसवलं, पुढच्या चढाईत 398. म्हणजे जवळपास 30 डिग्रीचा फरक एका करंगळीएवढ्या फटीने. तेव्हापासून मी ही तपासणी दर ऑइल बदलाला करतो आणि कशी करतो ते इथे लिहितोय.

माझं विमान आरव्ही-7ए, ओरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटमधून गॅरेजमधे बांधलेलं, इंजिन लायकमिंग ओ-360, चार सिलिंडर, 180 हॉर्सपॉवर, एअर-कूल्ड. त्यामुळे हे सगळं त्या इंजिनाच्या अंगाने आहे पण एअर-कूल्ड इंजिन असलेल्या कुठल्याही होमबिल्टला नव्वद टक्के लागू पडेल. आपल्याकडे होमबिल्ट म्हटलं की कांदिवलीच्या चारकोपमधे बिल्डिंगच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवतात, अमेरिकेत मात्र हा छंद हजारो लोक करतात आणि इथे नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असेल तर विमान एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट म्हणून रजिस्टर होतं, बांधणाऱ्याला त्याच विमानापुरतं रिपेअरमन सर्टिफिकेट मिळतं आणि दर बारा महिन्यांनी करायची कंडिशन इन्स्पेक्शन तो स्वतः सही करून पास करू शकतो. ती सही म्हणजे मोठी जबाबदारी आहे. मागच्या सीटबिट काही नाही या विमानात, शेजारी बसणारं माणूस आपलंच असतं.

आधी हवा कशी जाते ते डोक्यात पक्कं करा

प्रॉपेलरच्या मागे दोन तोंडं असतात, त्यातून हवा आत येते आणि इंजिनाच्या वरच्या कप्प्यात कोंडते. त्या कप्प्याच्या भिंती म्हणजे बॅफल, पातळ अल्युमिनियमचा पत्रा, आणि पत्रा आणि काउलिंग यांच्यामधली जागा बुजवायला रबरपट्ट्या. वर दाब जास्त, खालच्या कप्प्यात दाब कमी, आणि या फरकामुळे हवा सिलिंडरच्या फिन्समधून (सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ पात्यांमधून) वरून खाली ढकलली जाते, तिथून मागच्या खालच्या तोंडातून बाहेर. बस एवढंच आहे. आता हवेला फिन्सच्या चिंचोळ्या गल्ल्यांमधून जायची काही हौस नसते, तिला एखादी फट सापडली की ती तिथून पळते, आणि फट दोनदा नुकसान करते, एक म्हणजे तेवढी हवा फुकट गेली आणि दुसरं म्हणजे वरचा दाब उतरला त्यामुळे उरलेल्या हवेलाही जोर राहिला नाही. बरेच नवे बिल्डर इंजिन तापलं की पुढची तोंडं मोठी करायच्या मागे लागतात. माझं ठाम मत आहे की आधी सगळ्या फटी बुजवा, मग बाकीचं बोला.

आकडे माहीत असू द्या. ओ-360 ची सिलिंडर हेड टेंपरेचरची (सीएचटी, सिलिंडरच्या डोक्याचं तापमान) लाल रेघ 500 डिग्री फॅरनहाइटला आहे, म्हणजे 260 सेल्सियस, पण तिथपर्यंत जायचं नसतं. लायकमिंगचं स्वतःचं म्हणणं की सिलिंडरला जास्त आयुष्य हवं असेल तर जोरात क्रूझ करताना 435 च्या खाली ठेवा आणि काटकसरीच्या क्रूझला 400 च्या खाली. मी चढाईतही 410 ओलांडू देत नाही, कारण हेड अल्युमिनियमचं आहे आणि 400 च्या वर त्या धातूची ताकद झपाट्याने उतरते. ऑइलची कमाल मर्यादा 245 डिग्री, आणि 180 च्या आसपास हवं, कारण त्यापेक्षा फार गार राहिलं तर ऑइलमधलं पाणी उडून जात नाही आणि आतून गंज धरतो. म्हणजे जास्त थंड हेही वाईटच.

काउलिंग उघडायच्या आधी

पहिलं काम लॅपटॉपवर. इंजिन मॉनिटरचा डेटा उतरवून घ्या आणि मागच्या तीन-चार महिन्यांच्या फ्लाइट्स शेजारी शेजारी ठेवा. उन्हाळा आणि हिवाळा सरळ तोलू नका, बाहेरचं तापमान 30 डिग्रीने वाढलं तर ढोबळमानाने सीएचटी पण तेवढ्याच्या आसपास वाढते, म्हणून मी सीएचटीमधून बाहेरचं तापमान वजा करून तो आकडा वहीत लिहितो, तोच पॉवर तीच उंची तोच स्पीड. हा वजाबाकीचा आकडा मी आधीपासून ठेवला असता तर वरची भानगड महिनाभर आधी पकडली असती.

एकच सिलिंडर तापतोय की चारही, हे बघा. चारही वर गेले असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे, मोठी फट, मागचं तोंड अडलेलं, किंवा इग्निशनचं टायमिंग जास्त आगाऊ झालेलं. एकच असेल तर त्या सिलिंडरजवळचा पत्रा, पट्टी, किंवा इनटेक गॅस्केटमधून हवा खेचली जाऊन मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतंय, तिथे पेट्रोलचा निळसर डाग दिसतो बऱ्याचदा. आणि अजून एक, सेन्सरच खोटं बोलतोय का ते आधी बघा. दोन सिलिंडरचे प्रोब आपापसात बदलून एक फ्लाइट मारा, गरम आकडा प्रोबबरोबर सरकला तर प्रोब खराब, सिलिंडरबरोबरच राहिला तर खरंच गरम. स्पार्क प्लगच्या खाली वॉशरसारखा बसणारा प्रोब आणि हेडमधे खुपसायचा बेयोनेट प्रोब यांचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे मित्राच्या विमानाशी तुलना करायच्या आधी त्याच्याकडे कुठला आहे ते विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किल्ली काढून खिशात, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) ऑफ, मिक्स्चरची दांडी मागे ओढून पेट्रोल बंद, आणि तरीसुद्धा प्रॉपेलर जिवंत आहे असंच धरून चाला. मॅग्नेटो बंद करणारी पी-लीड वायर तुटली असेल तर स्विच ऑफ असूनही मॅग्नेटो ठिणगी देतो आणि गरम इंजिनात थोडं पेट्रोल उरलेलं असेल तर प्रॉपेलर हाताने जरासा ढकलला तरी इंजिन फट्कन फिरू शकतं. वाकून बॅफल बघताना डोकं नेमकं प्रॉपेलरच्या फेऱ्यात असतं. मी प्रत्येक सिलिंडरच्या खालच्या प्लगची वायर काढून मगच वाकतो. वरच्या सुद्धा काढल्या तर अजून चांगलं.

काउलिंग जागेवर असतानाच पुढच्या दोन्ही तोंडांतून टॉर्च मारून आत बघून घ्या आणि मोबाइलने फोटो काढा, कारण एकदा वरचं कव्हर उचललं की पट्ट्या आपोआप सरळ होतात आणि चूक दिसेनाशी होते. माझी दुमडलेली पट्टी मला उघडल्यावर दिसली ती केवळ महिनाभर तशीच दाबली गेल्याने तिला कायमचा बाक आला होता म्हणून.

उजेडाची चाचणी

ही माझी सगळ्यात आवडती, आणि हिला दोन माणसं लागतात. रात्री हँगरचे सगळे दिवे बंद करायचे, बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा खालच्या काउलिंगमधे मागच्या तोंडातून सरकवायचा, आणि पुढच्या तोंडातून आणि वरच्या ऑइल भरायच्या झाकणातून आत बघायचं. फिन्समधून बारीक बारीक उजेडाच्या रेघा येणारच, त्या यायलाच पाहिजेत, तिथूनच तर हवा जाते. पण काउलिंगच्या कडेला, पट्टी जिथे टेकते तिथे, उजेड दिसला तर ती फट. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तिची नजर माझ्यापेक्षा चांगली, ती तोंडाला डोळा लावून बघते आणि मी दिवा हलवतो. मागच्या वेळी ती म्हणाली, "बाबा, मागे त्या बाजूला चंद्रकोरीसारखं दिसतंय, दिवा अजून डावीकडे घे ना." घेतला तर चंद्रकोर मोठी झाली. डाव्या बाजूला पट्टीचे दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे वरचा तुकडा उचलला गेला होता. दिवसा टॉर्च मारून ते मला कधीच दिसलं नसतं. उघडी ज्योत, मेणबत्ती, धुरासाठी उदबत्ती असलं काहीही इंजिनाच्या आसपास नेऊ नका, पेट्रोलची वाफ कुठे साठली असेल सांगता येत नाही.

एकटे असाल तर खडूची युक्ती. सुतार लोक दोरीला लावतात ती निळी पूड पट्टीच्या वरच्या कडेला बोटाने लावा, वरचं काउलिंग नीट बसवा, परत काढा, आणि आतल्या बाजूला निळी रेघ सलग उमटली का बघा. जिथे रेघ तुटली तिथे पट्टी टेकतच नाही. जुन्या विमानात पूड न लावताही कळतं, पट्टी जिथे घासते तिथे काउलिंगच्या आत गुळगुळीत काळपट पट्टा तयार झालेला असतो, तो सलग हवा.

पट्ट्या

पट्टी नेहमी जास्त दाबाच्या बाजूला वळलेली पाहिजे, म्हणजे मागची पट्टी पुढे वळलेली आणि बाजूच्या आतल्या बाजूला वळलेल्या. म्हणजे मग आतला दाबच तिला काउलिंगवर चेपून बसवतो, जितकी जास्त हवा तितकी घट्ट. उलटी गेली तर दाब तिला उचलून फट अजून मोठी करतो. हे ऐकायला सोपं वाटतं पण कव्हर बसवताना मागचे कोपरे हमखास उलटे जातात, म्हणून वरचं कव्हर आम्ही दोघं धरून पुढून मागे सावकाश उतरवतो आणि शेवटच्या चार इंचाला तोंडातून हात घालून कोपरे बोटाने पुढे ओढून घेतो.

पट्टीचं रबर म्हणजे सिलिकॉन, आतून फायबरग्लासचं कापड असलेलं चांगलं. दाबून बघा, वाकवून बघा, कडक झालं असेल, वाकवल्यावर भेगा दिसत असतील, कडा फाटल्या असतील तर सरळ बदला, हे महाग सामान नाही. जिथे काउलिंगला गोलाई आहे तिथे एक लांब पट्टी वळवली की तिला सुरकुत्या पडतात आणि प्रत्येक सुरकुतीतून हवा जाते. तिथे छोटे तुकडे करायचे आणि कौलं रचतो तसे एकावर एक चढवायचे, आणि चढवताना विचार करायचा की दाब कुठून येणार, म्हणजे दाबाने वरचा तुकडा खालच्यावर चेपला गेला पाहिजे. पट्टी लावायला काही जण स्टेपल मारतात, मी मारत नाही, तुटलेला स्टेपल कुठे जाऊन पडेल याचा भरवसा नाही. रिवेट आणि त्याखाली मोठा वॉशर, म्हणजे रबर फाटून निघत नाही.

पत्रा आणि खालचे लपलेले बॅफल

बॅफलचा पत्रा सतत थरथरत असतो त्यामुळे त्याला चिरा जाणारच, प्रश्न फक्त कधी एवढाच. रिवेटच्या भोकांजवळ, जिथे पत्रा काटकोनात वळवलाय तिथे, आणि ऑइल कूलर मागच्या बॅफलवर लटकवला असेल तर त्याच्या भोवती. आरव्हीमधे कूलर बऱ्याचदा डाव्या बाजूला 4 नंबरच्या मागे बॅफलवरच असतो, कूलर ऑइलने भरलेला जड आणि पत्रा पातळ, त्यामुळे तिथे मागून जाड पत्र्याचा आधार आणि अँगल दिलेला नसेल तर आज ना उद्या चीर जातेच. आधी फडक्याने तेल पुसा, तेलाखाली चीर दिसत नाही. छोटी चीर असेल तर तिच्या अगदी टोकाला बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढे सरकत नाही, आणि वर त्याच जाडीच्या पत्र्याचं ठिगळ रिवेट करायचं. भोक पाडताना खाली ओलं फडकं ठेवा, अल्युमिनियमचा चुरा फिन्समधे आणि अल्टरनेटरमधे पडू देऊ नका. चीर कूलरच्या बोल्टपर्यंत पोचली असेल तर ठिगळाने भागवू नका, तो पूर्ण तुकडा नवा करा.

पत्रा कशाला घासतोय का ते बघा. इंजिन माउंटचे स्टीलचे पाइप, पेट्रोलची लाइन, इग्निशनच्या वायरी. घासलेल्या जागी काळी बारीक पूड जमते, बोटाला लागते, तीच खूण. अल्युमिनियम मऊ असलं तरी थरथरत्या पत्र्याची कड होज कापू शकते.

क्रँककेस आणि पत्रा यांच्यामधल्या बारीक फटींना लाल हाय-टेंपरेचर आरटीव्ही सिलिकॉन लावायचं. जुनं पूर्ण खरवडून, अ‍ॅसिटोनने पुसून, मगच नवं, तेलकट पत्र्यावर ते धरत नाही आणि दोन महिन्यात पापुद्र्यासारखं सुटून येतं. आणि उत्साहाच्या भरात फिन्सच्या तोंडावर लावून ठेवू नका, मी असं एक इंजिन पाहिलंय जिथे फट समजून हवा जायची गल्लीच बुजवली होती.

आता लपलेली गोष्ट. एका बाजूच्या दोन सिलिंडरच्या मधे, खालच्या अंगाला, छोटे वळवलेले पत्रे असतात, इंटरसिलिंडर बॅफल. वरून अजिबात दिसत नाहीत, त्यामुळे लोक विसरतात. त्यांचं काम असं की वरून आलेली हवा दोन सिलिंडरच्या मधून सरळ खाली पडू नये, तिने सिलिंडरला खालून वळसा घालूनच जावं. हे पत्रे एखाद्या तारेने किंवा रॉडने घट्ट ओढून फिन्सला टेकवलेले असतात, ती तार सैल झाली की पत्रा खाली लोंबतो आणि दोन्ही सिलिंडर तापतात. खाली झोपून आरसा आणि टॉर्च घेऊन बघा आणि हाताने हलवून बघा, खुळखुळला तर तार परत आवळा.

ओ-360 मधला अजून एक खास मुद्दा, जो मला विमान बांधताना माहीत नव्हता. चारही सिलिंडर एकसारखेच असतात, फक्त एका बाजूचे दुसऱ्या बाजूच्या मानाने फिरवून बसवलेले. त्या हेडच्या एका कडेला फिन्स अगदीच उथळ आहेत, जवळजवळ नाहीतच. उजव्या बाजूला ती कड मागे येते आणि डाव्या बाजूला पुढे. म्हणून उजवीकडचा मागचा, 3 नंबर, त्याच्या मागे पत्रा चिकटून बसला की हवेला जायला वाटच राहत नाही, आणि डावीकडचा पुढचा, 2 नंबर, त्याच्या पुढच्या पत्र्याचं तसंच. उपाय जुना आणि साधा आहे, 3 नंबरच्या मागचा पत्रा हेडला ज्या स्क्रूने लागतो तिथे मधे एक जाड वॉशर टाकायचा म्हणजे पत्रा थोडा मागे सरकतो आणि हवेला खाली जायला गल्ली मिळते. काही जण तिथे बाहेरून छोटी पन्हाळ करून देतात, ते जास्त चांगलं पण जास्त काम. 2 नंबरच्या पुढे अडसर म्हणून लावलेला पत्रा असेल तर तो थोडा थोडा कापत जायचा, एका वेळी अर्धा इंच, मधे फ्लाइट मारून आकडा बघायचा. एकदम कापलात तर परत जोडावा लागेल.

फिन्स स्वतः पण बघा. हेड ओतताना फिन्सच्या मधे धातूचे पातळ पडदे राहून गेलेले असतात कधी कधी. लॉकवायरचा (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेचा) तुकडा घेऊन एकेका गल्लीतून वरून खाली घाला, अडकला तिथे पडदा आहे, लांब बारीक कानशीने सावकाश काढा, फिनच्या मुळाला ओरखडा जाऊ न देता. गवत, किडे, तेलावर बसलेली माती, हे ब्रशने आणि कमी दाबाच्या हवेने. प्रेशर वॉशर अजिबात नको, मॅग्नेटो आणि अल्टरनेटरमधे पाणी शिरतं. एखाद्या हेडचा रंग बाकीच्यांपेक्षा करपलेला दिसत असेल किंवा प्लगच्या भोकाजवळ, एक्झॉस्टच्या तोंडाजवळ काजळीची रेघ असेल तर तिथे चीर असू शकते, ते मेकॅनिकला दाखवल्याशिवाय उडू नका.

ऑइल कूलर

कूलरच्या मागे टॉर्च धरून पुढून बघा, सगळीकडून सारखा उजेड यायला हवा. किडे आणि गवत अडकलं असेल तर उलट दिशेने हवा मारा, वाकलेल्या फिन्स लाकडी काडीने सरळ करा. वेल्डिंगच्या जागी किंवा नळ्यांच्या टोकाला तेलाचा ओलावा असेल तर तो कूलर संपला, बदला. इंजिनात कधी धातूचा चुरा झाला असेल, बेअरिंग गेलं, कॅम झिजला, तर जुना कूलर धुवून परत वापरायचा मोह टाळा, त्या बारीक नळ्यांमधला चुरा पूर्ण निघत नाही आणि नव्या इंजिनात जातो. इथे पैसे वाचवणं मला पटत नाही.

होज बघताना बाहेरचं फायरस्लीव्ह (आगीपासून वाचवणारं आवरण) कुठे भिजलंय का ते दाबून बघा. फिटिंग सोडताना किंवा आवळताना दोन पाने लागतात, एकाने कूलरचं नट धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने होजचं फिरवायचं, नाहीतर जोर कूलरवर येतो आणि त्याची मान मुरगळते. आणि थंडीत कूलरपुढे झाकण लावलं असेल तर मार्चमधे आठवणीने काढा, मी त्याला मोठी लाल रिबन बांधून ठेवतो.

कूलर स्वच्छ, होज ठीक, तरी ऑइल 230 च्या वर जातंय, तर व्हर्नाथर्म बघा. हा इंजिनाच्या मागच्या बाजूला असलेला थर्मोस्टॅट, थंड ऑइलला कूलर टाळून जाऊ देतो आणि साधारण 185 डिग्रीला लांब होऊन तो शॉर्टकट बंद करतो, म्हणजे सगळं ऑइल कूलरकडे जातं. तो पूर्ण लांब होत नसेल किंवा त्याची बसायची जागा झिजली असेल तर अर्धं ऑइल कूलरकडे जातच नाही आणि कूलर कितीही मोठा घ्या, उपयोग शून्य. तपासायला तो काढून एका पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, थर्मामीटर शेजारी, आणि गॅस बारीक. सुरुवातीला कॅलिपरने लांबी मोजून ठेवा. दीडशेपर्यंत विशेष काही होत नाही, मग हळूहळू मधला दांडा बाहेर यायला लागतो आणि 185 च्या पुढे थांबतो. परत मोजा, फरक मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. ते पातेलं परत स्वयंपाकात वापरायचं नाही, आमच्या घरी त्यावर मार्करने "विमान" लिहिलंय. त्याच पातेल्यात उकळत्या पाण्यात ऑइल टेंपरेचरचा सेन्सर बुडवून बघा, 212 च्या आसपास दाखवायला हवा, 225 दाखवत असेल तर इंजिन नाही, सेन्सर बदला. व्हर्नाथर्म परत बसवताना गॅस्केट नवं आणि लॉकवायर विसरायची नाही.

बाकी बारीकसारीक

मागच्या बॅफलमधून छोट्या नळ्या मॅग्नेटो आणि अल्टरनेटरवर हवा सोडतात, त्यांच्यात इथे कुंभारमाश्या मातीची घरं करतात, दोन आठवडे विमान उभं राहिलं की पुरे. तारेने साफ करा. तसंच वसंतात पक्षी काउलिंगमधे घरटं करतात आणि एका दिवसात ढीगभर गवत आणून टाकतात, गरम एक्झॉस्टजवळचं कोरडं गवत म्हणजे आग. पुढच्या तोंडांना फोमचे बूच लावा, आणि ते असले तरी उडायच्या आधी टॉर्च मारा.

खालचं मागचं तोंड पण बघा, एक्झॉस्ट पाइपच्या भोवती जागा आहे का, फायबरग्लास करपून खाली लोंबलाय का, काउल फ्लॅप (त्या तोंडाची उघडझाप करणारी झडप) असेल तर तो पूर्ण उघडतोय का. हवा बाहेर पडली नाही तर आत येणारही नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच, की एनसीसीच्या पिपिस्ट्रेल व्हायरससारख्या मायक्रोलाइटमधे रोटॅक्स 912 असतं, त्यात हेड पाण्याने थंड होतात आणि सिलिंडर हवेने. तिथे पट्ट्यांबरोबर रेडिएटर, त्याचं झाकण, ओव्हरफ्लो बाटलीतली पातळी आणि होज हे मुख्य. रबरी होज दिसायला कितीही चांगले असले तरी रोटॅक्स ते पाच वर्षांनी बदलायला सांगतं, आणि झाकण गरम इंजिनावर कधीही उघडायचं नाही.

परत उडताना

सगळं बसवल्यावर तोंडातून हात घालून दोन्ही मागचे कोपरे बोटाने चाचपा, हत्यारं मोजा, आत एखादं राहिलं नाही ना. काउलिंगशिवाय इंजिन फार वेळ चालवू नका, हवा फिन्समधून जातच नाही, गळती बघण्यापुरतं दोन मिनिटं, नाक वाऱ्याकडे करून. मग बंद करून कूलरचे सगळे जोड कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा.

पहिली फ्लाइट एकट्याने, सकाळी गारव्यात, विमानतळाच्या वरच. चढताना स्पीड थोडा जास्त ठेवा म्हणजे हवेचा जोर मिळतो. एखादा सिलिंडर 410 ओलांडायला लागला तर नाक खाली, मिक्स्चर पूर्ण रिच (पेट्रोल जास्त), मग पॉवर कमी. आणि आकडा सेकंदाला डिग्रीच्या वेगाने धावत सुटला तर वाट बघत बसायचं नाही, ते बहुतेक प्रीइग्निशन (ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटणं) असतं, लगेच थ्रॉटल मागे आणि उतरायचं.

उतरल्यावर वरचं काउलिंग परत काढा, हो परत, आणि जोड ओले झालेत का बघा. काय केलं, कुठली पट्टी बदलली, चारही सिलिंडरचे आधीचे आणि नंतरचे आकडे, बाहेरचं तापमान, तास, तारीख, हे लॉगबुकात त्याच दिवशी लिहा. ऑइल फिल्टर असेल तर लायकमिंग 50 तासांनी किंवा चार महिन्यांनी ऑइल बदलायला सांगतं, नुसती जाळी असेल तर 25 तासांनी, त्या वेळी काउलिंग उघडतंच, तेव्हा आरसा आणि टॉर्च बरोबर घेऊनच हँगरला जा.